खुल्या संहितेंतील भाऊबंदकी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें खेडें आहे. ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं या खेड्याचें नांव एकाएकीं देशभर गाजलें. त्या दिवशीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितींत येथील कांहीं रहिवाशांना बारा आंकडी ओळखक्रमांक देण्यांत आले, आणि ‘आधार’ योजनेचा प्रारंभ झाला. देशांतील पहिला आधारक्रमांक याच गांवच्या एका स्त्रीस मिळाला. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा जिल्हा तापीच्या दोन्ही तीरांवर आणि उत्तरेस सातपुडा ओलांडून नर्मदेपर्यंत पसरलेला आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें येथील शेंकडा ६९ हून अधिक लोक आदिवासी आहेत. भारतांतील सर्वांत मोठ्या संगणक-व्यवस्थेचा नारळ फुटला तो अशा ठिकाणीं.

समारंभाचा थाट वृत्तपत्रांनीं वर्णिला. पण तो क्रमांक ज्या यंत्रांत नोंदला जातो तीं यंत्रें चालविणारी आज्ञावली कोणाची, ती उद्यां बदलली तर आजची नोंद तिला वाचतां येईल काय, आणि बदल करावयाचा कीं नाहीं हें ठरविणार कोण, हे प्रश्न त्या दिवशीं मंडपांत फारसे कोणाच्या मनांत आले नसतील. योगायोग असा कीं, त्याच २०१० सालीं हजारों मैल दूर याच प्रश्नांचीं दोन मोठीं प्रकरणें घडत होतीं. त्यांपैकीं एका प्रकरणांतील आज्ञावली तर आधारच्या पायांतच बसविलेली होती.

आधारची रचना ज्या तज्ज्ञांनीं केली त्यांनीं ती वेळोवेळीं जाहीरपणें सांगितली आहे. कोट्यवधि लोकांच्या नोंदी ठेवावयाच्या, प्रत्येक नव्या माणसाचे ठसे पूर्वीच्या सर्वांशीं ताडून पाहावयाचे, आणि हें सारें माफक खर्चांत करावयाचें, तर एकाच कंपनीच्या महागड्या यंत्रावर विसंबून चालण्यासारखें नव्हतें. म्हणून बाजारांत सहज मिळणारीं साधीं यंत्रें मोठ्या संख्येनें एकत्र जोडावयाचीं, ठसे ताडण्याचें काम एकाच वेळीं तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणांकडे सोंपवावयाचें, आणि आज्ञावली शक्य तेथें खुल्या संहितेची घ्यावयाची, असें धोरण त्यांनीं आंखलें. लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप, एचबेस, मोंगोडीबी हीं त्या पायांतील कांहीं नांवें. आधारची स्वतःची संहिता सर्वांस खुली नाहीं. परंतु तिच्या खालचे पुष्कळसे दगड खुल्या खाणींतून आणलेले आहेत. एप्रिल २०१६ पर्यंत या पायावर १०० कोटींहून अधिक माणसांचे क्रमांक उभे राहिले.

खुली संहिता म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणक जी आज्ञावली चालवितो ती अगोदर माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेली असते. तिला मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, म्हणतात. पुष्कळ कंपन्या ही संहिता कुलुपांत ठेवून गिऱ्हाइकास केवळ तयार माल देतात. लाडू मिळतो, पण त्याचें प्रमाण कळत नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं या प्रथेविरुद्ध चळवळ सुरू केली. १९८९ सालीं त्यांनीं जीपीएल नांवाचा परवाना सिद्ध केला. संहिता कोणींही वाचावी, बदलावी, वांटावी. मात्र बदललेली संहिता वांटतांना तीहि तशीच खुली ठेवावी, अशी त्याची अट आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला, आणि १९९८ पासून ‘ओपन सोर्स’ हा शब्द रूढ झाला.

अशा परवान्यांत एक मोठा हक्क अंतर्भूत आहे. घरच्या कारभाऱ्याशीं पटलें नाहीं तर कोणाहि भावास संहितेची संपूर्ण प्रत घेऊन वेगळी चूल मांडतां येते. इंग्रजींत त्यास फोर्क म्हणतात. शेताची वांटणी झाली कीं प्रत्येकाच्या वांट्यास एक तुकडा येतो. संहितेच्या वांटणींत मात्र प्रत्येकास सबंध शेत मिळतें. वांटतां न येणाऱ्या वस्तु दोनच. एक नांव, कारण व्यापारचिन्ह मूळ धन्याकडेच राहतें. आणि दुसरी माणसें, कारण त्यांना कोणत्या तरी एकाच चुलीशीं बसावें लागतें.

नव्याजुन्याच्या जुळणीचा प्रश्न मात्र संगणकाहून जुना आहे, आणि रेल्वेच्या रूपानें तो भारतास चांगलाच परिचित आहे. नंदुरबारवरून जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली ती रुंद मापाची, म्हणजे दोन रुळांत साडेपांच फूट अंतर असलेली. हें माप लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत ठरलें होतें. पुढें १८७० नंतर खर्च वांचविण्यासाठीं सरकारनें मीटर मापाचे मार्ग बांधण्यास आरंभ केला. जेथें हीं दोन मापें एकमेकांस भेटत तेथें सारा माल हमालांच्या पाठीवरून एका गाडींतून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. देशभर एकच माप करण्याची ‘युनिगेज’ योजना १९९२ सालीं हातीं घेण्यांत आली. म्हणजे एका काटकसरीचें ओझें शंभर वर्षांहून अधिक काळ वाहावें लागलें.

संगणकाच्या जगांत रुळांच्या मापाचें काम ‘इंटरफेस’ करतो. एका आज्ञावलीनें दुसरीशीं कोणत्या शब्दांत बोलावें, काय विचारावें आणि उत्तर कोणत्या स्वरूपांत मिळावें, याचा तो करार असतो. आज्ञावलीची नवी आवृत्ति निघाली आणि तिनें हा करार पाळला, तर वरचीं कामें बिनबोभाट चालतात. तिनें तो मोडला, तर काल सुरळीत चाललेलें काम आज अडतें, आणि दोष ज्यानें कांहींच केलेलें नाहीं त्याच्या दाराशीं येतो. नवी आवृत्ति घेऊं नये म्हणावें, तर जुनीची डागडुजी कांहीं काळानें बंद होते आणि तिच्यांतील छिद्रें चोरांना मोकळीं राहतात. म्हणून जुळणीचा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी त्याच्या मुळाशीं अधिकाराचा प्रश्न असतो. खुला परवाना संहितेची प्रत देतो. उद्यांचें वचन तो देत नाहीं.

त्या दोन प्रकरणांपैकीं पहिलें मायएसक्यूएलचें. नोंदी साठविण्याची ही आज्ञावली १९९५ सालीं स्वीडनमध्यें जन्मास आली. तिच्या कर्त्यांपैकीं मायकेल विडेनियस यांनीं तिला आपल्या ‘माय’ या मुलीचें नांव दिलें. २००८ च्या आरंभीं ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सनें सुमारें १०० कोटि डॉलरांस विकत घेतली, आणि एप्रिल २००९ मध्यें खुद्द सनच विकत घेण्याचा करार ओरॅकलनें जाहीर केला. ओरॅकलचा मुख्य धंदा याच जातीच्या, पण कुलुपबंद, आज्ञावलीचा. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेलेली खुली संहिता जोपासली जाईल कीं उपाशीं ठेवली जाईल, अशी शंका जगभरच्या उपयोग करणाऱ्यांना वाटूं लागली. विडेनियस यांनीं युरोपीय आयोगापुढें विरोध मांडला व लोकांच्या सह्या गोळा केल्या. डिसेंबर २००९ मध्यें ओरॅकलनें कांहीं जाहीर वचनें दिलीं, आणि २१ जानेवारी २०१० रोजीं आयोगानें विक्रीस संमति दिली. टेंभलीचा समारंभ त्यानंतर आठ महिन्यांनीं झाला.

विडेनियस तोंपर्यंत वेगळी चूल मांडून बसले होते. आपल्या धाकट्या मुलीच्या नांवावरून त्यांनीं नव्या आज्ञावलीस ‘मारियाडीबी’ हें नांव दिलें. तिचें मुख्य आश्वासन जुळणीचें होतें: मायएसक्यूएल काढावी, त्याच जागीं मारियाडीबी बसवावी, वरच्या कामास पत्ताहि लागूं नये. आरंभीं आवृत्त्यांचे क्रमांकहि तेच ठेवण्यांत आले, ५.१ ला ५.१ आणि ५.५ ला ५.५. या आश्वासनावर भरंवसा ठेवून २०१३ सालीं विकिपीडियासारख्या मोठ्या प्रकल्पानें आपल्या नोंदी मारियाडीबीकडे नेल्या. पुढें मात्र दोन्ही घरांत स्वतंत्र सुधारणा होऊं लागल्या. मारियाडीबीनें ५.५ नंतर एकदम १० हा क्रमांक धरला. २०१८ सालीं मायएसक्यूएलनें ५.७ वरून ८.० वर उडी घेतली. दोन बहिणींचे चेहरे जुळतात, पण आतां एकीचा अंगरखा दुसरीस जसाच्या तसा येत नाहीं. एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्यानें आधीं नीट तपासून पाहावें लागतें. जुळणी वारसाहक्कानें एकदां मिळते. पुढें ती रोजच्या कष्टानें राखावी लागते.

दुसरें प्रकरण क्लाउडच्या आज्ञावलीचें. पूर्वी प्रत्येक वाड्यांत आपली विहीर असे. पुढें शहरांत नळ आले आणि पाण्याचा सांठा दूरच्या तलावांत गेला. क्लाउडची कल्पना अशीच आहे. प्रत्येक कचेरीनें आपलीं संगणकयंत्रें बाळगण्याऐवजीं दूरच्या प्रचंड यंत्रशाळेंतून लागेल तितकी शक्ति भाड्यानें घ्यावयाची. २००६ सालीं अमेझॉननें हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला. मात्र नळ एकाच कंपनीच्या हातीं असावा हें अनेकांना रुचलें नाहीं, आणि ज्यास त्यास आपला तलाव बांधतां यावा म्हणून खुल्या संहितेचे प्रयत्न सुरू झाले. त्यांतील एक युकॅलिप्टस. ही आज्ञावली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेंत तयार झाली, आणि अमेझॉनच्या इंटरफेसशीं जुळती होती.

अमेरिकेची अंतराळसंस्था नासा ही आरंभीं युकॅलिप्टस वापरीत होती. नासाचे अधिकारी ख्रिस केंप यांनीं पुढें जाहीर सांगितल्याप्रमाणें, त्यांच्या तंत्रज्ञांनीं मोठ्या पसाऱ्यास पुरे पडतील अशा कांहीं सुधारणा युकॅलिप्टसला देऊं केल्या. परंतु कंपनी त्याच आज्ञावलीची एक कुलुपबंद, वाढीव आवृत्ति विकत असल्यामुळें त्या स्वीकारण्यांत आल्या नाहींत. संहिता खुली, पण देवडीवरचा पहारेकरी धन्याचा, असा हा प्रकार होता. नासाच्या मंडळींनीं तेव्हां नव्यानें ‘नोव्हा’ नांवाची संहिता लिहिली. टेक्ससमधील रॅकस्पेस कंपनीनें आपली सांठवणीची आज्ञावली तीत मिळविली, आणि जुलै २०१० मध्यें दोघांनीं मिळून ‘ओपनस्टॅक’ प्रकल्प जाहीर केला. ‘ऑस्टिन’ ही त्याची पहिली आवृत्ति ऑक्टोबर २०१० मध्यें निघाली. टेंभलीचा दिवस या दोन घटनांच्या दरम्यानचा.

एका पहारेकऱ्याच्या आडकाठींतून जन्मलेल्या या प्रकल्पांत लवकरच स्वतःची भाऊबंदकी सुरू झाली. पहिला वाद अमेझॉनशीं जुळावें कीं जुळूं नये याचा. एक पक्ष म्हणे, बाजारांत बहुतेकांचीं कामें अमेझॉनच्या भाषेंत लिहिलेलीं आहेत. तीच भाषा आपणहि बोलावी म्हणजे लोकांना इकडून तिकडे मोकळेपणानें जातां येईल. दुसरा पक्ष म्हणे, दुसऱ्याच्या भाषेंत बोललें कीं व्याकरणहि त्याचेंच मानावें लागतें. तो उद्यां शब्द बदलील आणि आपण जन्मभर त्याच्या मागें धांवूं. एप्रिल २०१२ मध्यें सिट्रिक्स ही मोठी कंपनी ओपनस्टॅकच्या वाटेवरून बाजूस झाली, आणि तिनें आपली ‘क्लाउडस्टॅक’ ही आज्ञावली अपाची फाउंडेशन या संस्थेस अर्पण केली. अमेझॉनशीं जुळणी हें तिनें दिलेल्या कारणांपैकीं एक होतें. जुलै २०१३ मध्यें क्लाउडस्केलिंग कंपनीचे रँडी बायस यांनीं खुलें पत्र लिहून हाच आग्रह पुन्हां मांडला, व त्यावर मोठें वादंग माजलें. अखेर दुसरा पक्ष वरचढ ठरला. अमेझॉनच्या भाषेचा भाग पुढें नोव्हाच्या गाभ्यांतून काढून वेगळा ठेवण्यांत आला.

दुसरा वाद घरांतल्या घरांतला, आणि म्हणून अधिक जिव्हारीं लागणारा. ओपनस्टॅकची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं निघे, आणि एकेका आवृत्तीची डागडुजी सुमारें दीड वर्ष होई. संहिता लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनें ही गति उत्साहाची होती. पण ज्यांच्या यंत्रशाळेंत हजारों गिऱ्हाइकांचीं कामें रात्रंदिवस चालू असत, त्यांना एक आवृत्ति चढवून होते न होते तों दुसरी दारांत उभी दिसे. आणि मधली आवृत्ति गाळून पुढची घेण्याची सोय नव्हती. पायरी न चुकवितां प्रत्येक जिना चढावयाचा, आणि तोहि डोक्यावर भरलेली घागर घेऊन.

यांत जाळेजोडणीच्या भागानें विशेष मनस्ताप दिला. आरंभीं हें काम नोव्हातीलच एक साधा भाग करी. २०१२ सालीं त्याच्या जागीं अधिक समर्थ असा नवा भाग आला, त्यास पुढें ‘न्यूट्रॉन’ नांव पडलें. नव्यांत सामर्थ्य होतें, पण गुंतागुंतहि होती. आणि चालू यंत्रशाळा बंद न करतां जुन्यावरून नव्यावर जाण्याची सर्वांस पटेल अशी वाट वर्षानुवर्षें सिद्ध झाली नाहीं. लिहिणारे म्हणत, जुन्यास आतां निरोप द्या. चालविणारे म्हणत, आधीं पूल बांधा, मग नाव बुडवा. जुना भाग कालबाह्य असल्याचें २०१६ सालच्या ‘न्यूटन’ आवृत्तींत अधिकृतपणें सांगण्यांत आलें. दोन्ही पक्षांचें म्हणणें आपापल्या परी खरें होतें. जुनें जपण्यासाठीं लागणारे श्रम कोणाला तरी विनामूल्य करावे लागतात. आणि जुनें मोडल्यानें होणारें नुकसान कोणाला तरी विनातक्रार सोसावें लागतें. हीं दोन माणसें बहुधा एकमेकांस कधीं भेटलेलीं नसतात.

ज्या भाषेंत ओपनस्टॅक लिहिलेला आहे ती पायथन भाषाहि याच दुःखांतून गेली. २००८ सालीं तिची तिसरी आवृत्ति जुनीशीं मेळ सोडून निघाली, आणि दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजीं संपला. मधलीं अकरा वर्षें दोन पायथन शेजारीं शेजारीं नांदत होत्या, आणि असंख्य लोक दोन्हींकडे पाय ठेवून उभे होते. ओपनस्टॅकनेंहि २०२० सालींच जुन्या पायथनची साथ सोडली.

अनुभवानें शहाणपण आलें तें सावकाश. २०१२ सालीं ओपनस्टॅकचा कारभार एकट्या रॅकस्पेसकडून काढून स्वतंत्र फाउंडेशनकडे देण्यांत आला, म्हणजे पहारेकरी एका धन्याचा राहिला नाहीं. आवृत्ति बाहेर पडण्यापूर्वी मागील आवृत्तीवरून तीवर नीट येतां येतें कीं नाहीं याची चांचणी नित्याची झाली. आणि मार्च २०२३ मधील ‘अँटिलोप’ आवृत्तीपासून नवी पद्धति आली: एकाआड एक आवृत्ति अशी असेल कीं तिच्यावरून मधली गाळून थेट तिच्या पुढच्या जोडीदारावर जातां यावें. ज्यास घाई आहे त्यानें सहा महिन्यांनीं चढावें, ज्यास नाहीं त्यानें वर्षानें. पहिल्या आवृत्तीनंतर एवढी साधी तडजोड होण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागला.

दरम्यान भाऊबंदकीचा एक तिसरा प्रकार पुढें आला, तो परवान्यांचा. क्लाउडच्या मोठ्या कंपन्या खुल्या संहिता घेऊन त्यांवर भाड्याचा धंदा करूं लागल्या, आणि ज्यांनीं त्या संहिता लिहिल्या त्या लहान कंपन्यांना वाटूं लागलें कीं, शेत आपलें, पीक दुसऱ्याचें. ऑक्टोबर २०१८ मध्यें मोंगोडीबीनें आपला परवाना बदलून अशा धंद्यावर कडक अट घातली. जानेवारी २०२१ मध्यें शोधाचें काम करणाऱ्या इलॅस्टिकसर्च या आज्ञावलीनें तोच मार्ग धरला. त्यावर अमेझॉननें तिची शेवटची खुली आवृत्ति घेऊन त्याच वर्षीं ‘ओपनसर्च’ नांवाची वेगळी चूल मांडली. मग इलॅस्टिकच्या बाजूनें एक नवें पाऊल पडलें. तिच्या आज्ञावलीशीं बोलणारे जे दुवे सर्वत्र वापरांत होते, त्यांच्या नव्या आवृत्त्या समोरची यंत्रणा आपल्याच घरची आहे कीं नाहीं हें आधीं पाहूं लागल्या, आणि नसल्यास बोलण्याचें नाकारूं लागल्या. येथवर जुळणी मोडत असे ती हयगयीनें किंवा उत्साहाच्या भरांत. येथें ती जाणूनबुजून मोडली गेली. रुळांचें माप तेंच, पण फाटकावर गाडीची जात विचारली जाऊं लागली.

मार्च २०२४ मध्यें रेडिस या आज्ञावलीनेंहि परवाना बदलला, तेव्हां तर थोड्याच दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालीं ‘वाल्की’ नांवाची वेगळी चूल पेटली. आणि तिच्याभोंवतीं बसलेल्यांत रेडिसचे जुने कर्तेहि होते. विशेष हें कीं, भांडणाची झळ लागल्यावर दोन्ही मूळ घरांनीं आपलें दार पुन्हां अंशतः उघडलें: इलॅस्टिकनें २०२४ सालीं आणि रेडिसनें २०२५ सालीं खुला परवाना पुनश्च देऊं केला. वेगळें निघण्याचा हक्क वापरला गेला म्हणून परतीचीं पावलें पडलीं. भाऊबंदकी कितीहि अप्रिय असली तरी, वांटणीचा हक्क नसलेल्या घरांत कारभारी कोणाचें ऐकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या साऱ्या कलहाच्या शेजारीं एक घर बराच काळ निराळ्या नियमानें चाललें आहे. लिनक्सच्या गाभ्याविषयीं टोरवाल्ड्स यांचा दंडक प्रसिद्ध आहे: गाभ्यांतील बदलानें वरची चालू आज्ञावली मोडली, तर दोष त्या आज्ञावलीचा नव्हे, बदलाचा, तो मागें घ्यावा. आंत वाटेल तितकी मोडतोड करावी, पण उंबरठ्यावर दिलेला शब्द पाळावा. या दंडकापायीं लिनक्समध्यें पुष्कळ जुनें सामान सांभाळावें लागतें. परंतु आज जगांतील बहुतेक क्लाउड त्याच गाभ्यावर उभे आहेत, यास तो शब्दहि कांहीं अंशीं कारण आहे.

आतां या इतिहासाचा टेंभलीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, आवृत्ति बदलण्याचा निर्णय केंद्रस्थानीं होतो आणि त्याची परीक्षा सर्वांत दूरच्या टोंकास होते. २०१७ सालीं आधार प्राधिकरणानें ठसे घेणारीं उपकरणें नोंदणीकृतच असावींत, आणि ठसा उपकरणाच्या आंतच सांकेतिक रूपांत बंद व्हावा, असा नियम केला. चोरलेला ठसा पुन्हां वापरला जाऊं नये म्हणून तो अवश्यच होता. परंतु देशभर पसरलेलीं जुनीं उपकरणें त्या नियमांत बसत नव्हतीं, आणि मुदत पुढें ढकलावी लागली. शहरांतील बँकेस उपकरण बदलणें ही एका पत्राची बाब आहे. सातपुड्याच्या आड वसलेल्या पाड्यास ती रस्त्याची, विजेची आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाची बाब असते. रेशनच्या दुकानांत अंगठा टेंकविणाऱ्या बाईस आवृत्ति हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तिला यंत्र ‘हो’ म्हणतें कीं ‘नाहीं’ एवढेंच कळतें. बंगळूर व मानेसर येथील यंत्रशाळांत केलेल्या प्रत्येक बदलाचा अंतिम अर्थ त्या एका शब्दांत उतरतो.

हें ओळखूनच आधारच्या रचनाकारांनीं एका पुरवठादारावर विसंबण्याचें टाळलें होतें, आणि मार्च २०१५ मध्यें भारत सरकारनेंहि आपल्या कामांत खुल्या संहितेस प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. २०१८ सालीं बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान संस्थेंत ‘मोसिप’ नांवाचा प्रकल्प सुरू झाला. आधारच्या अनुभवावरून, पण या वेळीं संपूर्ण खुल्या संहितेंत, ओळखव्यवस्थेचा पाया तयार करून तो इतर देशांस द्यावा, हा त्याचा हेतु. मोरोक्को व फिलिपाइन्स या देशांनीं तो स्वीकारला आहे. टेंभलीपासून निघालेली वाट अशी समुद्रापार गेली आहे, आणि तिच्याबरोबर जुळणीची जबाबदारीहि गेली आहे. कारण त्या देशांतहि दूरचे डोंगर आहेत, आणि तेथेंहि कोणीतरी यंत्राच्या उत्तराची वाट पाहत उभें असणार.

खुली संहिता हा आधुनिक काळांतील सहकाराचा एक फार मोठा प्रयोग आहे, याबद्दल दुमत होणार नाहीं. पण सहकारी संस्थेचा पोटनियम जसा कपाटांत राहून उपयोगी पडत नाहीं, तसा परवान्याचा कागदहि एकटा पुरत नाहीं. कारभार कोणाच्या हातीं, जुन्या आवृत्तीस किती वर्षें आधार मिळेल, नवीवर येण्याची वाट कोणी तपासली आहे, आणि वेगळें निघावयाचें झाल्यास आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपांत परत मिळतील, हे चार प्रश्न कोणत्याहि आज्ञावलीस विचारले पाहिजेत. मग ती सरकारी कचेरींतील असो, शाळेंतील असो, कीं हाउसिंग सोसायटीच्या हिशेबाची असो. ज्यांना हे प्रश्न विचारतां येतात त्यांनीं ते विचारले, तर ज्यांना ते विचारतां येत नाहींत त्यांचेंहि संरक्षण होतें.